बीपीची ‘पाण्याची गोळी’ आणि नागपूरचा उन्हाळा

लघवी वाढवून रक्तदाब उतरवणाऱ्या औषधाला सगळे ‘पाण्याची गोळी’ म्हणतात. पुष्कळदा ती वेगळी दिलेली नसते, बीपीच्या गोळीतच मिसळलेली असते. म्हणून आधी गोळ्यांचा पत्ता उलटा करून बघा. टेल्मिसार्टन या बीपीच्या औषधाच्या नावापुढे ‘एच’ असेल तर आत बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ मिलिग्रॅम असतं. ‘सीएच’ किंवा ‘सीटी’ असेल तर बहुधा क्लोरथॅलिडोन, ६.२५ किंवा १२.५ मिलिग्रॅम. पण या अक्षरांवर विसंबू नका, मागे बारीक टाइपात छापलेले घटक वाचा. मेडिकलवाल्याने पत्ता कापून पाचच गोळ्या दिल्या तर बहुतेक वेळा नाव आणि मुदत दुसऱ्या तुकड्यावर राहते. तिथेच पूर्ण पत्त्याचा फोटो काढून घ्या.

एवढी खटपट कशासाठी? घरच्या डॉक्टरांनी ‘एच’ची गोळी चालू केलेली असते, पुढे दुसरे डॉक्टर इंडापामाइड १.५ मिलिग्रॅम लिहितात, आणि एकाच कुळातली दोन औषधं महिनोन्‌महिने पोटात जातात. कुणालाच पत्ता लागत नाही. दवाखान्यात जाताना गोळ्यांची नावं आठवत बसण्यापेक्षा पत्तेच पिशवीत टाकून न्या. सल्फा औषधांची ॲलर्जी, मुतखडा, गाउट (युरिक ॲसिड वाढून सांधे सुजणं) किंवा साखर असेल तर तेही आधीच सांगा.

फ्युरोसेमाइड आणि टॉर्सेमाइड या जास्त जोरकस गोळ्या, बहुतेक हृदय किंवा किडनीच्या रुग्णांना देतात. त्यांचं पाण्याचं माप आणि रोजचं वजन डॉक्टर ठरवून देतात, तेच पाळा. इथलं लिखाण प्रामुख्याने थायझाइड कुळातल्या गोळ्यांबद्दल, म्हणजे वर आलेल्या हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन आणि इंडापामाइडबद्दल आहे.

गोळी सकाळी नाश्त्यानंतर, रोज साधारण एकाच वेळी घ्या. हायड्रोक्लोरोथायझाइडचा लघवीवरचा परिणाम दोनेक तासांत सुरू होतो आणि ६ ते १२ तास टिकतो. संध्याकाळी घेतली तर रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, आणि वयस्क माणसं अंधारात बाथरूमच्या वाटेवरच पडतात. सकाळची राहिली आणि दुपारी आठवली तर घेऊन टाका. रात्री आठवली तर सोडून द्या. दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. अमरावतीला लग्नाला जायचं, बसमध्ये लघवीला कुठे थांबणार, म्हणून बरेच जण त्या दिवशीची गोळी बुडवतात. त्यापेक्षा ती पोहोचल्यावर घ्या. त्या दिवशी थोडा उशीर चालतो.

काही आठवड्यांनी लघवी पूर्वीसारखीच होऊ लागते आणि गोळी लागू पडत नाही असं वाटतं. तसं नसतं. सुरुवातीला शरीरातलं जादा पाणी-मीठ निघून दाब उतरतो. पुढे पाण्याचं प्रमाण बरंचसं पूर्ववत होतं, पण रक्तवाहिन्या सैलावलेल्या राहतात आणि दाब खालीच राहतो. काम पाहायचं ते बीपीच्या मशीनवर.

सगळ्यात जपायचा तो पहिला महिना. गोळी सुरू करण्याआधी रक्तातलं सोडियम, पोटॅशियम आणि किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन तपासून घ्या, २ ते ४ आठवड्यांनी पुन्हा, आणि सगळं ठीक असेल तर पुढे वर्षातून एकदा-दोनदा. सोडियम १३५ ते १४५ आणि पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ मध्ये असावं. रिपोर्टवर नमुना ‘हिमोलाइज्ड’ (रक्तपेशी फुटलेला) लिहिलं असेल तर पोटॅशियमचा आकडा खोटाच जास्त येतो. घाबरण्याआधी रक्त पुन्हा द्या.

सोडियम उतरण्याचा धोका साठी-पासष्टीपुढच्या, सडपातळ बायकांना जास्त. आधी डोकं जड होतं, मळमळतं, जेवण नकोसं होतं. मग चालताना झोक जातो, बोलण्यात विसंगती येते, एकच गोष्ट तीनदा विचारली जाते. घरचे म्हणतात, ‘वय झालं,’ नाहीतर ‘ऊन लागलं.’ गोळी सुरू होऊन काही आठवडेच झाले असतील तर असं समजून गप्प बसू नका. त्याच दिवशी सोडियम तपासा.

उभं राहून बीपी मोजायचं बहुतेक जण विसरतात. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, हात छातीच्या उंचीवर टेकवा, मोजा. मग उभं राहून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर बसून घ्या आणि तिन्ही आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा. तोवर पलंगावरून उठताना आधी मिनिटभर कडेला पाय सोडून बसायची सवय लावा.

आता मे महिना. नागपुरात पारा ४५ च्या आसपास गेला की दोन उलट चुका होतात. काही जण ‘ही गोळी पाणी काढते’ म्हणून आपणहून बंद करतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांत बीपी पुन्हा चढतं. काही जण तांब्यामागून तांब्या पाणी पितात. या गोळीवर असताना किडनीला नुसतं पाणी बाहेर टाकणं अवघड जातं, आणि जादा पाण्याने सोडियम आणखी पातळ होतं. तहान भागेल आणि लघवी फिकट पिवळी राहील इतकं पाणी पुरे. लघवी गडद झाली तर वाढवा. दुपारी बारा ते चार बाहेर पडू नका. कूलरसमोर बसूनही चक्कर येत असेल आणि वरचा आकडा सारखा ११० च्या खाली येत असेल, तर डॉक्टर उन्हाळ्यापुरता डोस कमी करू शकतात. दिवसा-दिवसाचे आकडे समोर असले की त्यांना ते ठरवणं सोपं जातं.

कैरीचं पन्हं, अंबाडीचं सरबत, ताक, सगळं चालतं, मीठ मात्र मोजून. दिवसाचं एकूण मीठ ५ ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. वरणभाजीत ते निम्म्याहून जास्त संपतं. वर पापड, सांडगी मिरची आणि लोणचं आलं की गोळीने बाहेर काढलेलं परत आत जातं. उपासाचं सैंधवही बहुतांशी सोडियमच असतं. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं. टेल्मिसार्टन, रामिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल वा किडनी कमजोर असेल, तर पोटॅशियम आधीच वाढू शकतं, म्हणून हे मीठ विचारल्याशिवाय वापरू नका. एरवी थायझाइडने पोटॅशियम कमी होतं. पोटरीत गोळे येतात, धडधडतं. संत्री, केळी, डाळी खाण्यात असू द्या. किडनी ठीक असेल तर दिवसाला एक-दोन संत्र्यांनी काही बिघडत नाही.

लग्नाचं जेवण, शिळा मठ्ठा, मग रात्रभर जुलाब-उलट्या. हा दिवस सगळ्यात धोक्याचा. शरीर आधीच कोरडं पडतंय आणि गोळी आणखी पाणी काढतेय, त्यात किडनी एक-दोन दिवसांत बसू शकते. अशा दिवशी पाण्याची गोळी, टेल्मिसार्टनसारखं औषध, आणि साखरेची मेटफॉर्मिन व डापाग्लिफ्लोझिन थोडे दिवस थांबवायला बहुतेक डॉक्टर सांगतात, आणि नीट खाणंपिणं सुरू होऊन २४ ते ४८ तास झाले की पुन्हा घ्यायला लावतात. तुमच्यासाठी नेमकं काय, हे बरं असतानाच विचारून कागदावर लिहून घ्या आणि फ्रिजवर चिकटवा, कारण रात्री दोनला फोन लागत नाही. ओआरएसची पुडी त्यावर लिहिलेल्या मापातच, मोठी असेल तर पूर्ण एक लिटर पाण्यात, कालवून घोट-घोट प्या. गोड टेट्रापॅक त्याजागी चालत नाही.

गुडघेदुखीची गोळी हा असाच दडलेला धोका. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसेक्लोफेनॅक किडनीकडे येणारं रक्त आखडतात, टेल्मिसार्टन किडनीतला दाब सैल करतं आणि पाण्याची गोळी मुळातलं रक्ताचं पाणी घटवते. तिन्ही एकत्र आली, तीही उन्हाळ्यात, की क्रिएटिनिन वाढतं. शिवाय बीपीही उतरत नाही. दुखण्यावर साधं पॅरासिटामॉल घ्या, पण पत्ता वाचून, कारण ‘पॅरासिटामॉल’ म्हणून दिलेल्या कित्येक गोळ्यांत ॲसेक्लोफेनॅक मिसळलेलं असतं.

ॲम्लोडिपिन ही बीपीची दुसरी गोळी घेणाऱ्यांच्या घोट्यावर सूज येऊ शकते. ती पाणी साठल्याने नसते, त्या औषधाने वाहिन्या रुंदावल्यामुळे असते. तिच्यावर आपल्या मनाने लघवीची गोळी घेऊन फारसा उपयोग नाही, ॲम्लोडिपिनचा डोस बदलून घ्यावा. पायाचा अंगठा रात्रीतून लाल होऊन ठणकू लागला तर तो गाउट असू शकतो, युरिक ॲसिड तपासा.

भोवळ येऊन पडणं, आकडी (फिट) येणं, असंबद्ध बडबड, १२ तास लघवी न होणं किंवा छातीत अनियमित धडधड यांपैकी काहीही झालं तर उद्याची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा किंवा नागपुरातली मेयो, मेडिकल ही सरकारी रुग्णालयं, जे जवळ असेल तिथे कॅज्युअल्टीत न्या. सोबत सगळे पत्ते, बीपीची वही आणि शेवटचा रक्ताचा रिपोर्ट घ्या, आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली ते सांगा.