मर्चिसन फॉल्सला नाईलकाठच्या लॉजवर राहायचं तर

भारतातून आमच्याकडे युगांडात, कंपालाला पाहुणे आले की सिंह बघायचा हट्ट असतोच. मी त्यांना मर्चिसन फॉल्स राष्ट्रीय उद्यानात धाडते आणि बजावून सांगते, निदान दोन रात्री राहा, आणि त्यातली एक दुपार काहीही न ठरवता नदीसाठी ठेवा. तिथली खरी श्रीमंती नाईल आहे. सगळा वेळ जीपमध्ये घालवला तर ती हातची जाते.

लॉज निवडताना आधी काठ बघा. सिंह, जिराफ, कोब हरणं, हत्तींचे मोठे कळप हे सगळं उत्तर काठाच्या गवताळ माळावर. दक्षिण काठ जास्त झाडीचा. पूर्वी पारा या ठिकाणी नदी ओलांडायला फेरीबोटीची वाट बघावी लागे, आता पूल झालाय, त्यामुळे दक्षिणेला राहूनही सफारी जमते. तरी पहाटे उजाडताच माळावर असायचं तर उत्तर काठच बरा. बुकिंग करताना 'नदीकडची खोली' असं स्पष्ट लिहून घ्या आणि वीज किती वाजेपर्यंत असते तेही विचारा. प्लग तीन चौकोनी पिनांचा लागतो.

उद्यानाचं तिकीट 24 तासांचं असतं. दुपारी एकला आत शिरलात आणि तिसऱ्या दिवशी एकच्या आत बाहेर पडलात तर दोन तिकिटांत भागतं. सकाळी अकराला शिरलात तर तिसऱ्याचा भुर्दंड पडू शकतो. कंपालाहून मासिंडीमार्गे पाच-सहा तास लागतात, त्या हिशेबाने निघा.

शाकाहारी असाल तर लॉजला आधीच कळवा, आणि नुसतं 'व्हेज' म्हणू नका. अंडं, मासे, चिकनचं पाणी चालत नाही, हे एकेक करून सांगा. उपाशी मात्र कोणी राहत नाही. चपाती इथे गल्लोगल्ली मिळते, भारतीयांबरोबर आली आणि इथलीच झाली. शेंगदाण्याचा दाट रस्सा मिळाला तर नक्की घ्या, आपल्या दाण्याच्या आमटीच्या अगदी जवळचा. पण तो मासे घालूनही करतात, म्हणून विचारून घ्या.

कपडे फिकट, खाकी किंवा मातकट. गडद निळा आणि काळा टाळाच. त्से-त्से माशी याच रंगांवर येते, म्हणून तिला पकडायचे निळ्या-काळ्या कापडाचे सापळे झाडीत टांगलेले दिसतील. ती कपड्यावरूनही चावते. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच सुरू करा आणि परतल्यावर कोर्स पुरा करा.

अंधार पडला की खोलीतून एकटं बाहेर पडायचं नाही. इथे रखवालदाराला अस्कारी म्हणतात. जेवायला जाताना त्याला बोलवा, तो टॉर्च घेऊन येतो. पाणघोडे रात्री चरायला काठावर चढतात. तंबूच्या कापडापलीकडे ओठांनी गवत उपटल्याचा खरखरीत आवाज आणि मध्येच एक जड सुस्कारा ऐकू आला, तर दिवा न लावता पडून ऐका. दिवसाही पाणघोडा आणि पाणी यांच्या मध्ये उभं राहू नका. खाऊ तंबूत ठेवला तर बबून माकडं येणारच.

आता बोट. पाराहून धबधब्याच्या पायथ्याशी जाऊन यायला साधारण तीन तास लागतात. दुपारची फेरी घ्या. उन्हाने हत्ती पाण्यावर आलेले असतात. काठावर मगरी जबडा उघडून पडलेल्या, आणि मातीच्या उभ्या दरडीत लाल गळ्याच्या वेडा राघूंची बिळं. धबधबा दिसायच्या आधीच पाण्यावर फेसाचे गोळे वाहत येऊ लागतात. अख्खी नाईल जेमतेम सात मीटरच्या फटीतून घुसून 43 मीटर खाली कोसळते. गुडघे ठीक असतील तर पायथ्याला उतरून रेंजरबरोबर वर चढा. चढ खडा आहे, पाणी जास्त घ्या, मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. गाडी वर बोलावून ठेवली की चालत परतावं लागत नाही.

बुटासारख्या मोठ्या चोचीचा शूबिल पक्षी बघायचा असेल तर दुसऱ्या पहाटे प्रवाहाच्या दिशेने, अल्बर्ट सरोवराकडच्या पाणथळीत जाणारी वेगळी बोट ठरवा.

यलो फीव्हरची लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्या. लस घेतल्याचं पिवळं कार्ड येताना एंटेबी विमानतळावर लागतं आणि परतताना भारतातही. नसेल तर विलगीकरणात ठेवतात. म्हणून ते पासपोर्टातच ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको.