वेबवर चढवलं की फोटो फिका: उपाय सापडला

काकांच्या जुन्या फिल्म रोलचे स्कॅन फोटोशॉपमध्ये झकास, पण वेबवर चढवले की काकूंची लाल पैठणी मळकट दिसायची. घोळ कलर प्रोफाइलचा निघाला, म्हणजे फाइलमधले आकडे नेमके कोणते रंग ते सांगणाऱ्या पाटीचा. स्कॅनची फाइल अॅडोबी आरजीबी या जास्त रंग मावणाऱ्या प्रोफाइलमध्ये होती आणि वेबसाठी लहान करताना प्रोफाइलच गळत होतं. ब्राउझर तेच आकडे एसआरजीबी (वेबचं नेहमीचं प्रोफाइल) समजून दाखवायचा, म्हणून रंग फिके. आता स्कॅनच्या मूळ फाइलला (१६ बिट टिफ) हात लावत नाही. तिची प्रत घेऊन ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’ने एसआरजीबी करतो (‘असाइन’ नको, त्याने नुसती पाटी बदलते). मग लांब बाजू १६०० पिक्सेल, शार्पनिंग (कडा ठसठशीत करणं) शेवटी, तेही बेताचं. कृष्णधवल रोलची धूळ मात्र हातानेच टिपा. स्कॅनर धूळ इन्फ्रारेड किरणांनी ओळखतो, पण या फिल्मवरची चांदीही ते किरण अडवते, त्यामुळे स्कॅनरची आपोआप सफाई तिथे गंडते.