ऑर्डरचा अंदाज देणारं सॉफ्टवेअर दुकानात रुळवायचं कसं

सॉफ्टवेअर आणलं तरी काउंटरवरची मंडळी आपल्याच अंदाजावर जातात, कारण मशीन एकदा चुकलं की मनातून उतरतं आणि स्वतःची चूक मात्र 'चालायचंच'. 2015 मध्ये अमेरिकेत डीटव्होर्स्ट वगैरे संशोधकांनी हेच दाखवलं, माणसापेक्षा सरस अंदाज देणारं गणिती मॉडेलसुद्धा चुकताना बघितलं की लोक सोडून देतात. मग करायचं काय, तर आकडा थोडा बदलायची मुभा द्या, 100 पेट्या म्हणालं तर 5 इकडेतिकडे, तेवढ्यानेही लोक वापरायला तयार होतात (हेही त्यांच्याच पुढच्या प्रयोगात दिसलं). शिवाय वहीत तीन रकाने आखा, आपला आकडा, मशीनचा, खरा खप, आणि आपला आधी लिहायचा बरं का, नंतर काय सगळेच ज्योतिषी! गणपतीत मिरवणुकीसाठी रस्ता बंद राहणार हे मशीनला सांगितलं नसेल तर तिथे बिनधास्त आपलं चालवा.