दूरच्या महाकाय दीर्घिकेत ताऱ्यांसाठी किती वायू शिल्लक आहे, हे कसे काढावे

तारे थंड, रेण्वीय हायड्रोजनच्या ढगांतून जन्मतात; म्हणून एखादी दीर्घिका पुढे किती काळ तारे घडवू शकेल हे ठरवायचे, तर आधी तिच्यातला हा वायू मोजावा लागतो. मात्र हायड्रोजनचा रेणू जवळजवळ मुका आहे. तो दोन सारख्या अणूंचा असल्यामुळे त्याला कायमचे द्विध्रुव आघूर्ण (विद्युतभाराचा एका बाजूला कल) नसते आणि त्याची सर्वांत खालची वर्णपट-रेषा (ठरावीक वारंवारतेचे उत्सर्जन) चांगली उजळायलाही शेकडो केल्व्हिन तापमान लागते. ढग तर अवघे १० ते २० केल्व्हिनचे. त्याच ढगांतला कार्बन मोनॉक्साइड मात्र एवढ्या थंडीतही रेडिओ रेषा सोडतो. हिशेब त्याच्यावरून करायचा.

सर्वप्रथम ताम्रसृती, म्हणजे विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाशाची तरंगलांबी किती ताणली गेली त्याचे माप, पक्की करावी. कार्बन मोनॉक्साइडच्या पहिल्या तीन रेषा ११५.२७, २३०.५४ आणि ३४५.८० गिगाहर्ट्झच्या असतात. या संख्यांना 'एक अधिक ताम्रसृती'ने भागले की दुर्बिणीत त्या कुठे दिसतील ते कळते. ताम्रसृती २ असलेल्या दीर्घिकेचा प्रकाश विश्व सुमारे ३.३ अब्ज वर्षांचे असताना निघालेला आहे, आणि तिची तिसरी रेषा ११५.२७ गिगाहर्ट्झवर येते. पण ताम्रसृती १ असलेल्या दीर्घिकेची दुसरी रेषाही नेमकी तिथेच येते. म्हणून दुसरी एखादी रेषा किंवा स्वतंत्र वर्णपट हाती असल्याशिवाय पुढे जाऊ नये.

त्यानंतर रेषेचा एकूण प्रवाह मोजावा. चिलीतील ५,००० मीटर उंचीवरच्या आल्मा या ६६ अँटेनांच्या दुर्बिणीची किंवा फ्रेंच आल्प्समधील नोएमाची निरीक्षणे यासाठी वापरतात. धुळीचे अखंड उत्सर्जन वजा करावे आणि रेषेची पूर्ण रुंदी हिशेबात घ्यावी, कारण महाकाय दीर्घिकेत ती सेकंदाला कित्येकशे किलोमीटर असते आणि कडेचा मंद भाग सहज निसटतो. उदाहरणासाठी ताम्रसृती २ च्या दीर्घिकेच्या तिसऱ्या रेषेचा प्रवाह ०.५ जान्स्की किलोमीटर प्रतिसेकंद मानू; जान्स्की हे रेडिओ प्रवाहाचे एकक.

आता त्याची तेजस्विता काढावी. प्रवाहाला ३.२५ कोटींनी आणि मेगापार्सेकमधील (एक मेगापार्सेक म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षे) दीप्ती-अंतराच्या, म्हणजे प्रकाश किती मंदावला त्यावरून ठरणाऱ्या अंतराच्या, वर्गाने गुणावे. मग गिगाहर्ट्झमधील निरीक्षित वारंवारतेच्या वर्गाने आणि 'एक अधिक ताम्रसृती'च्या घनाने भागावे. उदाहरणातल्या दीर्घिकेचे दीप्ती-अंतर सुमारे १५,५४० मेगापार्सेक धरले, तर उत्तर ११ अब्ज येते. त्याचे एकक केल्व्हिन किलोमीटर प्रतिसेकंद वर्ग पार्सेक. ही तेजस्विता तिसऱ्या रेषेची आहे, आणि थंड वायूचा खरा हिशेब पहिल्या रेषेवर चालतो. दोन्हींचे गुणोत्तर ०.५ मानले, तर पहिल्या रेषेची तेजस्विता २२ अब्ज ठरते.

यानंतरची पायरी सर्वांत नाजूक आहे, आणि माझ्या मते सर्वाधिक वेळ इथेच द्यावा. तेजस्वितेवरून वस्तुमान काढणारा गुणक सगळीकडे सारखा नसतो. आपल्या आकाशगंगेसारख्या शांत तबकडीत, हेलियम धरून, तो ४.३६ घेतात, दीर्घिकांच्या टकरीत, जिथे वायू तापलेला आणि ढवळलेला असतो, तिथे ०.८. म्हणजे त्याच प्रवाहावरून वायू एकदा सुमारे ९५ अब्ज सूर्यांइतका निघतो आणि एकदा अवघा १७.५ अब्ज. म्हणून आधी दीर्घिकेचे चित्र आणि वेगाचा नकाशा पाहावा: नियमित फिरणारी तबकडी असेल तर पहिला गुणक, टकरीच्या खुणा असतील तर दुसरा. कोणता निवडला आणि का, हे उत्तरासोबत लिहावेच.

तारानिर्मितीचा वेग अवरक्त तेजस्वितेवरून काढावा, कारण तरुण ताऱ्यांचा बराचसा अतिनील प्रकाश धूळ शोषते आणि अवरक्तात परत सोडते. ती तेजस्विता सूर्याच्या १,००० अब्ज पट असेल, तर वर्षाला साधारण १०० सूर्यांइतके तारे घडत असतात. वायूला या वेगाने भागले की तो संपायचा काळ मिळतो: एका गुणकाने ९५ कोटी वर्षे, दुसऱ्याने १७.५ कोटी. जवळच्या सर्पिल दीर्घिकांत हाच काळ २ अब्ज वर्षांच्या आसपास असतो.

एक धोका वेगळा सांगावासा वाटतो. एफ१०२१४+४७२४ ही ताम्रसृती २.२९ ची दीर्घिका. १९९१ मध्ये तिच्यात कार्बन मोनॉक्साइड सापडला, तेव्हा तिची प्रचंड तेजस्विता थक्क करणारी होती. पुढे कळले की समोरच्या दीर्घिकेचे गुरुत्वीय भिंग, म्हणजे तिच्या गुरुत्वाकर्षणाने प्रकाशाचे वाकणे, तिला मोठे करून दाखवत होते. भिंग असेल तर वायू आणि तारानिर्मिती दोन्ही आकडे फुगतात. विवर्धन दोन्हींचे सारखे असेल तर वायू संपायचा काळ मात्र बदलत नाही.

शेवटी धुळीवरून पडताळा घ्यावा. जड मूलद्रव्ये सूर्याइतकी असलेल्या दीर्घिकेत वायू धुळीच्या साधारण १०० पट असतो. तेव्हा आपल्या उदाहरणात धूळ ९५ कोटी सूर्यांच्या आसपास निघाली तर मोठा गुणक ठेवावा, आणि १७-१८ कोटींच्या जवळ आली तर लहान.