गजबजलेल्या वस्तीत फ्लॅट घेताना काय, कधी आणि कसं तपासावं

फ्लॅट बघायला गेलं की पहिली नजर टाइल्स, ओटा आणि कपाटांवर जाते. हे सगळं पैसे टाकून बदलता येतं. समोरच्या इमारतीची उंची, गल्लीची रुंदी, तळमजल्यावरचा धंदा आणि वरच्या मजल्यावरचं बाथरूम मात्र तुमच्या हातात नसतं. दाट वस्तीत पुढचा बहुतेक मनस्ताप तिथूनच येतो. म्हणून पाहणीचा क्रम उलटा ठेवा: आधी बाहेरचं, मग इमारत, आतलं सर्वांत शेवटी.

एजंट साधारणपणे दुपारी अकरा-बाराला घर दाखवतो. त्या वेळी रस्ता पेंगलेला असतो आणि उजेड भरपूर असतो. या एका भेटीवर काहीही ठरवू नका. आणखी तीन वेळा जा: कामाच्या दिवशी रात्री अकरानंतर, सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी आणि पहाटे पाचच्या सुमारास. पहाटेची फेरी लोक टाळतात, पण कचऱ्याची गाडी, मालाचे टेम्पो आणि शटरचे आवाज तेव्हाच कळतात. घरात जायला मिळालं नाही, तर बेडरूमच्या खिडकीखाली रस्त्यावर वीस मिनिटं उभे राहा.

आवाज मोजायला फोनवरचं डेसिबल अ‍ॅप चालतं. त्याचा आकडा काटेकोर नसतो, पण एकाच फोनने दोन घरांची तुलना करायला पुरतो. दहा डेसिबलचा फरक कानाला साधारण दुप्पट वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेने शांत झोपेसाठी बेडरूममध्ये ३० डेसिबलची मर्यादा सुचवली आहे. भर वस्तीत खिडकी उघडी ठेवून हा आकडा मिळणं जवळपास अशक्य, तेव्हा प्रश्न असा विचारा की खिडकी बंद केल्यावर किती आवाज उरतो? इथे काचेपेक्षा फटी महत्त्वाच्या. खिडकीच्या क्षेत्रफळाच्या एक टक्का जरी फट राहिली, तरी कितीही जाड काच बसवा, आवाज सुमारे वीस डेसिबलपेक्षा जास्त घटत नाही. सरकत्या खिडक्यांच्या मधल्या सांध्यात हीच फट असते. रबरी पट्टीवर घट्ट दाबून बसणारी, दाराप्रमाणे उघडणारी खिडकी सरस ठरते. जुन्या खिडकीच्या आत साधारण दहा सेंटिमीटर अंतर सोडून दुसरी खिडकी बसवली, तर फरक आणखी मोठा पडतो. या कामाचा खर्च सौदा करतानाच हिशेबात धरा. खालच्या बारमधल्या स्पीकरचा ठोका, लिफ्टची मोटर किंवा पाण्याचा पंप यांवर मात्र काच चालत नाही. तो आवाज भिंती-स्लॅबमधून येतो. पंप आणि लिफ्ट चालू असताना बेडरूमच्या भिंतीला हात लावा. थरथर जाणवली तर ती खोली झोपायची नाही.

उजेडाचं गणित सोपं आहे. घरातले सगळे दिवे बंद करा, कारण दाखवताना ते मुद्दाम लावलेले असतात. खिडकीच्या मध्यावर उभे राहून आडव्या रेषेपासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंतचा कोन मोजा. फोनमधलं पातळी दाखवणारं अ‍ॅप पुरे. २५ अंशांच्या आत असेल तर काळजी नाही. २५ ते ४५ मध्ये मोठी खिडकी हवी. ४५ च्या पुढे दिवसाही दिवा लावायची तयारी ठेवा आणि ६५ च्या वर उजेडाची आशा सोडा. समोरची इमारत सहा मीटरवर असेल, तर ४५ अंशांत राहण्यासाठी तिचा माथा तुमच्या खिडकीच्या मध्यापासून जेमतेम सहा मीटर, म्हणजे दोन मजले वर असू शकतो. त्यामुळे एकाच इमारतीत दुसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या दरात फरक असेल, तर तो उगाच नसतो.

शेजारी मोकळा भूखंड किंवा बुटकी जुनी इमारत असेल, तर आज मिळणारा उजेड उसना समजा. तिथे किती उंच बांधायची परवानगी मिळू शकते, हे नगर नियोजन कार्यालयात विचारा. बाजूच्या भिंतीतली खिडकी मंजूर नकाशात आहे का, तेही बघा. नकाशात नसलेली खिडकी शेजाऱ्याच्या बांधकामाने बुजली, तर दाद मागणं अवघड जातं. तळमजल्यावर आज स्टेशनरीचं दुकान आहे म्हणून निर्धास्त राहू नका. त्या गाळ्याला कोणत्या वापराची परवानगी आहे, तेवढंच बघा, कारण भाडेकरू बदलला की तिथे हॉटेल येऊ शकतं. हॉटेल आधीच असेल, तर स्वयंपाकघराच्या धुराचा पाइप गच्चीच्या वर नेलाय की मधल्या डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी ठेवलेल्या उभ्या मोकळ्या जागेत सोडलाय, हे तपासा. बाथरूमच्या खिडकीतून डक्टमध्ये वाकून पाहिलं की बरंच कळतं: शेवाळ, गळके पाइप, तळाशी साचलेला कचरा.

आता इमारत. फायर ब्रिगेडच्या गाडीला साधारण साडेतीन ते चार मीटर मोकळा रस्ता लागतो. गल्ली मोजा, पण रात्री मोजा, दोन्ही बाजूंना गाड्या लागलेल्या असताना. जिना खालपासून गच्चीपर्यंत चालून जा. वळणावर स्ट्रेचर फिरेल का? गच्चीचं दार कुलूपबंद आहे का?

पार्किंगच्या जागेत आणि जिन्याखाली काँक्रीट उघडं दिसतं, तिथे थांबून बघा. लोखंडी सळई गंजली की तिचा गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहापट जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो. म्हणून सळईच्या रेषेत सरळ जाणारी भेग प्लॅस्टरच्या जाळीदार तड्यांपेक्षा कितीतरी गंभीर असते. बँकेच्या कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटर असते. कॉलम किंवा बीमच्या भेगेत कार्ड शिरलं, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. तो तुम्ही नेमलेला असावा, विक्रेत्याचा नको.

पाण्यासाठी दहा लिटरची बादली घ्या. सर्वाधिक वापराच्या वेळी शॉवरखाली ती एका मिनिटात भरली तर उत्तम, दोन मिनिटं लागली तर धार बारीक. गच्चीवरच्या टाकीपासून दर दहा मीटर खाली साधारण एक बार दाब मिळतो. म्हणूनच सर्वांत वरच्या मजल्याला पाणी रडतखडत येतं आणि दाब वाढवणारा पंप लागतो. सांडपाण्याचं उलटं आहे. मुख्य पाइप खाली तुंबला की घाण सर्वांत खालच्या फ्लॅटमधून वर येते. तळाचा फ्लॅट घेत असाल, तर त्याची सांडपाण्याची जोडणी वेगळी आहे का, हे प्लंबरकडून पाहून घ्या. बंद घरात सांडपाण्याच्या जाळीतून वास येत असेल, तर आधी बादलीभर पाणी ओता. ट्रॅपमधलं, म्हणजे वास अडवणाऱ्या वाकड्या पाइपमधलं पाणी आटलेलं असेल तर वास थांबतो. पाणी ओतूनही गुडगुड आवाज येत राहिला, तर दोष पाइपच्या हवेच्या मार्गात आहे.

घराच्या आत शोधायची गोष्ट एकच: ओल. एकाच कोपऱ्याला ताजा रंग, नवं फॉल्स सीलिंग किंवा भिंतीला टेकवलेलं मोठं कपाट दिसलं की संशय घ्या. पांढरा, मिठासारखा थर म्हणजे पाणी मुरतंय. वरच्या बाथरूमची पाणी जायची वाट बंद करून २४ तास पाणी साठवून ठेवायची चाचणी खात्रीची, पण वरचे रहिवासी राजी झाले तरच शक्य. मोठ्या पावसानंतर दोन दिवसांनी एक भेट घडली, तर तीही पुष्कळ सांगते. मीटरचा मंजूर भार विचारून घ्या. गीझर दोन किलोवॅट, एसी दीड, इंडक्शन शेगडी दोन, म्हणजे तिन्ही एकाच वेळी लावायचे तर साडेपाच किलोवॅट हवेत.

क्षेत्रफळ स्वतः लेझर मीटरने मोजा. भिंतींच्या आतली फरशीची जागा, म्हणजे कार्पेट एरिया, हाच तुलनेचा आधार. जिना-लिफ्टचा हिस्सा मिसळलेल्या आकड्यावर दोन घरांचे दर ताडून काही कळत नाही. दरही जाहिरातीतले धरू नका. त्याच इमारतीत नोंदणी झालेले अलीकडचे व्यवहार काढा.

कागदपत्रांत मालकीची साखळी, बोजा (घरावरचं कर्ज किंवा तारण) आणि मंजूर नकाशा वकील बघेलच. त्याच्या यादीत सहसा नसतं ते सोसायटीच्या गेल्या तीन वर्षांच्या सभांचं इतिवृत्त, आणि ते तुम्ही स्वतः वाचा. गळती, लिफ्टचे वाद, थकबाकीदार, पुढच्या वर्षीच्या दुरुस्तीची वर्गणी, सगळं तिथे उघड लिहिलेलं असतं. मोठी दुरुस्ती ठरली असेल आणि निधी रिकामा असेल, तर तुमच्या वाट्याची रक्कम काढून ती किमतीतून वजा मागा. बयाणा देण्याआधी करारात तीन अटी लेखी घ्या: इंजिनिअरच्या अहवालात ढाच्याचा दोष निघाला किंवा कर्ज नामंजूर झालं तर बयाणा परत, ताब्याच्या दिवसापर्यंतची सर्व थकबाकी विक्रेत्याची, आणि पार्किंगची जागा क्रमांकासह. शेवटची अट तोंडी राहिली, तर ताबा घेतल्यावर तिथे दुसऱ्याचीच गाडी उभी सापडते.