सरकत्या सांध्याची गळती : टू-स्ट्रोक एक्झॉस्टच्या कामात उमेदवारी करताना

शर्यतीच्या इंजिनांच्या कार्यशाळेत नव्याने आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात जे काम मिळते, ते बहुधा एक्झॉस्टचे असते. त्याला इंजिन कोणी उघडू देत नाही आणि कार्ब्युरेटरजवळ फिरकूही देत नाही. मात्र सिलिंडर आणि पाइप यांच्या सांध्यातून ओघळणारे काळे, चिकट तेल पुसून ‘पुन्हा गळणार नाही असे काहीतरी कर’ एवढे सांगितले की काम भागले, असे सगळ्यांना वाटते. माझी सुरुवातही अशीच झाली. मामुली वाटणाऱ्या या कामाने मला मोजमाप, उष्णतेचे गणित आणि जोडणीचा क्रम या तिन्ही गोष्टी शिकवल्या, आणि त्या शिकण्याआधी मी एक चांगला पाइप फोडला. या कामात नव्याने येणाऱ्यांनी निदान ती चूक तरी टाळावी, यासाठी हे लिहीत आहे.

आधी हा सांधा इतका महत्त्वाचा का, ते पाहू. जास्त शक्तीच्या टू-स्ट्रोक इंजिनात एक्झॉस्ट पाइप केवळ धूर बाहेर सोडणारी नळी नसतो. पोर्ट, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतले जळालेले वायू बाहेर सोडणारे छिद्र, उघडताच दाबाची लाट पाइपमधून पुढे धावते. रुंदावत जाणाऱ्या शंकूतून उलटी परतणारी ऋण दाबाची लाट सिलिंडरमधले जळालेले वायू आणि त्यांच्यामागून ताजे मिश्रणही ओढते, आणि शेवटच्या निमुळत्या शंकूवरून परतणारी धन दाबाची लाट पाइपमध्ये निसटलेले ते ताजे मिश्रण पोर्ट बंद होण्याच्या आत पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. पूर्व जर्मनीतील एमझेड कंपनीचे अभियंता वाल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात हे तंत्र शर्यतीच्या इंजिनात पद्धतशीरपणे विकसित केले, आणि १९६१ मध्ये त्यांच्या १२५ सीसी इंजिनाने लिटरमागे २०० अश्वशक्तीचा टप्पा गाठला. मिनिटाला १२,००० फेऱ्या घेणाऱ्या इंजिनात हा सगळा खेळ सेकंदाला २०० वेळा, म्हणजे दर ५ मिलिसेकंदांनी, होत असतो. पोर्टपासून जेमतेम एका वितीवर असलेल्या सांध्याला फट असेल, तर धन लाटेच्या वेळी तेथून वायू आणि तेल बाहेर पडते आणि ऋण लाटेच्या वेळी बाहेरची हवा आत शिरते. बाहेर आलेले तेल डोळ्यांना दिसते, आत शिरलेली हवा मात्र दिसत नाही. पुढे लॅम्डा सेन्सर, म्हणजे एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर, बसवलेला असेल, तर त्याला ही हवा लागते आणि मिश्रण पातळ, म्हणजे इंधन कमी, असल्याचे तो सांगतो. त्यावर विसंबून कोणी कार्ब्युरेटरचा जेट (इंधन सोडणारे बारीक छिद्र) मोठा केला, की न जळलेले इंधन आणि तेल वाढते, सांधा अधिक गळतो आणि दोष कार्ब्युरेटरच्या माथी बसतो.

मग पाइप सरळ बोल्टने आवळून किंवा वेल्ड करून का टाकत नाहीत, हा प्रश्न मीही विचारला होता. मीटरभर लांबीच्या पोलादी पाइपचे तापमान सरासरी २५० अंश सेल्सिअसने वाढले, तर तो सुमारे ३ मिलिमीटरने लांब होतो. शिवाय इंजिन रबराच्या बुशांवर असेल तर ते चौकटीपासून स्वतंत्रपणे हलते, आणि पाइप मात्र दुसऱ्या टोकाला चौकटीलाच अडकवलेला असतो. या दोन्ही हालचालींना कोठेतरी वाव द्यावाच लागतो. म्हणून पाइप सिलिंडरच्या तोटीवर नुसता सरकवतात, मधली फट रबरी ओ-रिंगांनी बंद करतात आणि पाइप निसटू नये म्हणून स्प्रिंगा लावतात. हा वाव सांध्याने दिला नाही, तर पातळ पत्रा देतो, म्हणजे फाटतो.

माझ्या हातून नेमके हेच झाले. एका पाइपची गळती काही केल्या थांबेना. सिलिंडरला बोल्टने जोडलेल्या ॲल्युमिनियमच्या तोटीवर, जिला आम्ही स्पिगट म्हणतो, मी उच्च तापमानाचे सिलिकॉन थापले. दोन दिवसांनी पुन्हा काळे ओघळ दिसले. मग आणखी थापले. शेवटी चिडून पाइपच्या तोंडाला उभे काप दिले, आतून सिलिकॉन भरले आणि वरून क्लॅम्पची पट्टी गच्च आवळली. गळती पूर्ण थांबली, आणि दिवसभर मी स्वतःवर खूश होतो. दुसऱ्या दिवशी सरावाच्या मध्यावर इंजिनाचा आवाज बदलला. पाइप काढून पाहिला तेव्हा हेडरच्या, म्हणजे पाइपच्या सिलिंडरजवळच्या भागाच्या, पहिल्या वेल्डला अर्धा घेर भरेल एवढी चीर गेलेली होती.

आमचे मुख्य तंत्रज्ञ रागावले नाहीत. त्यांनी त्याच गाडीचा जुना पाइप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, “स्प्रिंगा लावू नकोस, ओ-रिंगाही काढून ठेव. नुसता हातानं बसव आणि मागचं भोक ब्रॅकेटसमोर येतं का बघ.” भोक ब्रॅकेटपासून जवळपास ६ मिलिमीटर बाजूला होते. म्हणजे इतके दिवस मागचा बोल्ट आवळताना मी पाइप तिरका ओढत होतो, आणि समोरच्या सांध्यात तो एका अंगाला घट्ट दाबला जाऊन दुसऱ्या अंगाला उघडा राहत होता. अशा सांध्यात कोणतीही रिंग आणि कोणताही लेप टिकणार नाही. तेव्हापासून गळका सांधा समोर आला, की सीलकडे पाहण्याआधी मी मागचा बोल्ट सैल करतो. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक गळत्यांचे मूळ तेथे सापडले आहे. ब्रॅकेट वाकवून, वॉशर घालून किंवा वेळ पडल्यास ते कापून नव्याने वेल्ड करून भोके आपोआप समोरासमोर येतील असे करावे. जोडताना आधी पाइप स्पिगटवर पूर्ण सरकवावा, मग स्प्रिंगा लावाव्यात आणि मागचे बोल्ट सर्वांत शेवटी आवळावेत. हा क्रम उलटा केला, तर सरळ केलेला पाइपही पुन्हा तिरका बसू शकतो.

सरळपणाची खात्री झाली की मोजमापाकडे वळावे. स्पिगटचा बाहेरचा व्यास मायक्रोमीटरने किमान चार दिशांना आणि दोन खोलींवर मोजावा. एकाच दिशेचे माप फसवते, कारण कंपनांनी ॲल्युमिनियम एका बाजूने झिजते आणि स्पिगट अंडाकार होतो. पाइपच्या तोंडाचा आतला व्यासही तसाच मोजावा. साधारण ४० मिलिमीटर व्यासाच्या सांध्यात थंड अवस्थेत ०.१ ते ०.२ मिलिमीटर फरक मी चालवून घेतो, तो ०.४ च्या पुढे गेला, की ओ-रिंग बदलत बसण्यापेक्षा पाइपच्या तोंडावर नवी बाही वेल्ड करून ती लेथवर मापात आणणे किंवा स्पिगटच बदलणे शहाणपणाचे, असे माझे मत आहे.

उष्णतेने ही मापे कशी बदलतात, हे एकदा कागदावर मांडून पाहावे. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, म्हणून तापल्यावर सांधा आपोआप घट्ट होईल असे वाटते. पण स्पिगट पाण्याने थंड होणाऱ्या सिलिंडरला चिकटून असतो आणि पाइपचे तोंड पातळ पत्र्याचे असते. स्पिगट १२० अंशांनी तापला तर ४० मिलिमीटरचा व्यास सुमारे ०.११ मिलिमीटरने वाढतो; पाइपचे तोंड ३०० अंशांनी तापले तर साध्या पोलादाचा तेवढाच व्यास सुमारे ०.१४ ने वाढतो. म्हणजे फट घटत नाही, किंचित वाढते. तेच तोंड स्टेनलेस पोलादाचे असेल, तर वाढ ०.२ मिलिमीटरपर्यंत जाते. त्यामुळे त्याच मापाचा, पण स्टेनलेसचा पाइप हौसेने बसवणाऱ्याच्या सांध्यातून गळती सुरू झाली, तर त्यात पाइप बनवणाऱ्याचा दोष असेलच असे नाही. इंजिन सुरू केल्यावर पहिले मिनिटभर सांध्यातून थोडा धूर दिसण्यामागेही हेच कारण असते : पत्रा क्षणात तापतो आणि स्पिगट मागे राहतो. इंजिन बंद केल्यावर उलटे घडते. पत्रा आधी निवतो आणि स्पिगटला आवळून धरतो. त्या वेळी पाइप हिसडून काढायला गेलो, तर रिंगा फाटतात आणि हातही भाजतात.

आता रिंगांविषयी. द्रवशीतित सिलिंडरच्या स्पिगटवर सहसा दोन खाचा आणि त्यांत व्हायटॉनच्या, म्हणजे तेल आणि उष्णता सोसणाऱ्या एका रबराच्या, दोन ओ-रिंगा असतात. आतून जाणारे वायू ६०० ते ७०० अंशांचे असले, तरी स्पिगट स्वतः पाण्यामुळे बराच थंड राहतो आणि सुमारे २०० अंशांपर्यंत टिकणारे व्हायटॉन तेथे चालून जाते. बाजारात मिळणारी लाल सिलिकॉन रिंग त्याहून जास्त तापमान सोसते. पण पेट्रोल आणि तेल लागले की ती फुगते आणि मऊ पडते, म्हणून मी ती वापरत नाही. रिंग खाचेत किती दाबली जाते, याकडे नवखे लोक दुर्लक्ष करतात. ३ मिलिमीटर जाडीची रिंग बसवल्यावर तिच्या जागेची उंची सुमारे २.४ मिलिमीटर उरावी, म्हणजे ती २० टक्के दाबली जाते; आणि खाच जवळपास ४ मिलिमीटर रुंद असावी, कारण रबर तापल्यावर धातूच्या कितीतरी पट फुगते आणि खाच आधीच गच्च भरली असेल, तर फुगलेली रिंग बाहेर येऊन पाइपच्या कडेने कापली जाते. काजळीने भरलेल्या खाचेतही हेच होते. त्यामुळे नवी रिंग घालण्याआधी लाकडी किंवा पितळी काडीने खाच तळापर्यंत खरवडून काढावी. पोलादी स्क्रूड्रायव्हरने ॲल्युमिनियमला ओरखडा पडतो, आणि तोच ओरखडा पुढे गळतीची वाट होतो. पाइपच्या तोंडाची आतली कड पॉलिश पेपरने थोडी तिरपी आणि गुळगुळीत करून घ्यावी, आणि रिंगेवर इंजिनातलेच टू-स्ट्रोक तेल बोटभर लावून पाइप किंचित फिरवत सरकवावा.

काढलेली जुनी रिंग लगेच फेकू नये. ती सगळीकडे सारखी चपटी झाली असेल, तर तिचे आयुष्य संपले एवढेच समजावे. एकाच बाजूने चपटी आणि दुसऱ्या बाजूने गोल असेल, तर पाइप तिरका आहे. कडक होऊन तडकली असेल, तर सांधा तिच्या सोसण्यापलीकडे तापतो आहे. दोनपैकी पोर्टच्या बाजूची रिंग आधी जाते, आणि ते स्वाभाविक आहे. पूर्ण जळून चिकट झालेले व्हायटॉन मात्र उघड्या हातांनी खरवडू नये. फार तापल्यावर त्यातून हायड्रोजन फ्लोराइडसारखे घातक पदार्थ निघतात, म्हणून हातमोजे घालावेत.

हवेने थंड होणाऱ्या इंजिनात किंवा सिलिंडरपासून दूर, पाइपच्या मध्येच असलेल्या सरकत्या सांध्यात रबराचा उपयोग नाही. तेथे सांध्याची एकमेकांत शिरलेली लांबी वाढवावी. मी ती व्यासाएवढी तरी ठेवतो. आतल्या नळीवर तीन-चार उथळ गोल खाचा पाडल्या, की प्रत्येक खाचेत वायूचा जोर मोडतो आणि काही तासांत त्यांत साचलेली काजळीच सीलचे काम करू लागते. मला ही पद्धत मनापासून आवडते, कारण तिच्यात बदलण्याजोगे काही नाही. अर्थात, पहिले काही तास गळती सहन करावी लागते, आणि सांधा वारंवार उघडला तर काजळीचा थर दर वेळी नव्याने जमावा लागतो. नळ्या बसवताना पोर्टकडची नळी आत आणि पुढची बाहेर राहील असे पाहावे, म्हणजे वायूचा मुख्य प्रवाह आणि त्याच्याबरोबर वाहणारे तेल फटीच्या तोंडावर आदळत नाही.

स्प्रिंगांबद्दल थोडेच सांगतो. सरकत्या सांध्यात त्यांचे काम पाइप निसटू न देण्याचे असते, सील दाबण्याचे नसते. चेंडूसारख्या गोल सांध्यात मात्र सीलचा सगळा भार त्यांच्यावर असतो. या दोहोंत गल्लत करून सरकत्या सांध्याला जाड स्प्रिंगा लावल्या, तर हूक झिजण्यापलीकडे काही साध्य होत नाही. स्प्रिंगा समोरासमोर आणि सारख्या ताणाच्या असाव्यात, त्यांच्या वेटोळ्यांत थोडे सिलिकॉन भरावे म्हणजे कंपने शमतात, आणि प्रत्येकीतून सुरक्षा तार ओवावी, म्हणजे तुटलेला तुकडा मागच्या स्वाराच्या वाटेत पडत नाही.

सिलिकॉनचा लेप मी आता जवळजवळ वापरतच नाही. शर्यत तोंडावर आली असताना नवी रिंग हाताशी नसेल, तर पृष्ठभाग ॲसिटोनने तेलविरहित करून पातळ थर द्यावा आणि शक्यतो २४ तास सुकू द्यावा. क्लोरीनयुक्त क्लीनर तापणाऱ्या भागांवर वापरू नये, त्यातून विषारी वायू तयार होऊ शकतो. लॅम्डा सेन्सर असेल तर सेन्सरला न बाधणाराच लेप घ्यावा, कारण साध्या सिलिकॉनच्या वाफेने सेन्सर निकामी होतो.

काम झाल्यावर तपासणी थंड इंजिनावर करावी. पिस्टन वरच्या टोकाला आणून पोर्ट झाकावा, पाइपच्या मागच्या बारीक नळीत, म्हणजे स्टिंगरमध्ये, रबरी बूच बसवून त्यातून ०.२ ते ०.३ बार एवढ्याच दाबाची हवा सोडावी आणि सांध्यावर साबणाचे पाणी लावावे. पिस्टनच्या कडेने थोडी हवा निसटतेच, म्हणून दाब टिकतो का हे पाहण्यापेक्षा बुडबुडे कोठे येतात ते पाहावे. संपूर्ण घेराभोवती बारीक फेस आला तर फट मोठी आहे. एकाच ठिकाणी मोठे बुडबुडे आले तर ओरखडा किंवा तिरकेपणा शोधावा. बुडबुडे नसतानाही तेल ओघळत असेल, तर ते सांध्याजवळच्या वेल्डच्या सूक्ष्म छिद्रातून किंवा स्पिगट आणि सिलिंडर यांच्यामधल्या गॅस्केटमधून येत असते. माझ्या वहीत अशी तीन उदाहरणे आहेत, आणि तिन्ही वेळा आम्ही आधी रिंगाच बदलल्या होत्या.