१:१० मापाची रिमोटवर चालणारी थार: आधी चासी (सांगाडा), मग बॉडी

तीन दारांच्या थारचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमधलं अंतर) २४५० मिमी, म्हणजे आपल्याला २४५ मिमी हवा. चासीसाठी २.५ मिमी जाडीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्या एकत्र क्लॅम्प करून एकदमच भोकं पाडा. वेगवेगळी पाडलीत तर अ‍ॅक्सल तिरका बसतो आणि गाडी एका बाजूला ओढते.

अ‍ॅक्सल चासीला जोडायला मागे चार लिंक (दांड्या). पुढे तीन आणि पॅनहार्ड रॉड, म्हणजे अ‍ॅक्सलला बाजूला सरकू न देणारी आडवी दांडी. खरी मेख इथेच आहे: पॅनहार्ड आणि स्टिअरिंगचा ड्रॅग लिंक (चाकं वळवणारी दांडी) समांतर अन् जवळपास सारख्या लांबीचे ठेवा. नाहीतर सस्पेन्शन दबलं की चाकं आपोआप वळतात. चासी हाताने दाबून बघा, लगेच कळेल.

५५ टर्नची (वेढ्यांची) ब्रश मोटर, ३एस लिपो (तीन सेलची बॅटरी) आणि स्टिअरिंग फिरवायला २० किलोचा सर्व्हो (छोटी मोटर) पुरे. सर्व्हो अडकला की रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल घेणारा भाग) रीसेट होत असेल, तर बीईसी (या दोघांना वीज पुरवणारं सर्किट) कमी पडतोय, वेगळा लावा. बॅटरी पुढे आणि खाली, नाहीतर चढावर गाडी मागे कोलमडते.

धातूतल्या स्क्रूंना निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावा, प्लास्टिकला मात्र नाही, तडकतं. बॉडीला १.५ मिमी स्टायरीन (प्लास्टिक) शीट. चाकांच्या कमानी सस्पेन्शन पूर्ण दाबून, चाक वळवूनच कापा.